ठकूचं मेक्सिको

ठकूला मेक्सिको कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बना हेव्यानं लिहिते. भूगोलाच्या तासाला मास्तरांनी तिला नकाशासमोर उभं केलं आणि मेक्सिकोवर बोट ठेवायला सांगितलं, तर हिनं बोट ठेवलं ब्रह्मदेशावर. वर म्हणते कशी, "इथंच कुठंतरी आहे, सर."

तर ह्या ठकूनं नाताळच्या सुट्टीत आपल्या घरी मेक्सिकोची पार्टी करायचं ठरवलं.

ठकू म्हणजे चिमाजीराव कंत्राटदारांची मुलगी. पाळण्यातलं नाव ठकू, पण इंग्रजी तिसरीत गेल्यावर तिनं शाळेच्या पटावर 'हेमलता' करून घेतलं. चिमाजीराव वेल्ह्याच्या रानातला कोळसा पुण्याला पाठवतात. कोळसा पुण्याला गेला आणि त्याच गाडीनं पुण्याहून रुबाब आला. ठकूची आई फुलाबाई पाच वर्षांमागं माझ्या आत्याच्या शेजारच्या दगडावर धुणं आपटायची. आता 'बाईसाहेब' म्हटल्याशिवाय ती ओ देत नाही. मी तिला काकूच म्हणते. ओ दिली नाही तर आणखी मोठ्यानं म्हणते.

मी इंग्रजी पाचवीत आहे. आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, पण शाळेसाठी मी भोरात बाळाबाई आत्याकडं राहते. गेल्या महिन्यात वक्तृत्वाच्या चढाओढीत मी मुलांनाही मागं टाकून पहिली आले, आणि तेव्हापासून मला कुणाची भीतीच वाटेनाशी झालीय. आत्या म्हणते, "पोरीला वारं लागलंय." लागलंय तर लागलंय. वाऱ्याशिवाय वावडी उडते का?

मेक्सिको ठकूच्या डोक्यात शिरलं ते दिवाळीत. ती पुण्याला कॅम्पात मामाकडं गेली होती. तिथं साहेबलोकांच्या क्लबात म्हणे मेक्सिकोची पार्टी होती. रुंद रुंद टोप्या, खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांची कांबळी, झाडाला टांगलेलं मडकं. "आम्ही गेलो होतो ना क्लबात," असं ठकू वर्गात चार वेळा म्हणाली. मग मधल्या सुट्टीत मला चिंचेखाली गाठून म्हणाली, "बने, तुझा भूगोल पक्का आहे. मेक्सिकोत काय काय असतं, खातात काय, ते लिहून दे."

"तू गेली होतीस ना क्लबात?"

"गेले होते गं. पण सगळं कुठं लक्षात राहतं?"

शाळेच्या वाचनालयात एका जुन्या मासिकात मेक्सिकोवर दीड पान होतं. त्या दीड पानावर मी तज्ज्ञ झाले. यादी करून दिली: मक्याची भाकरी, घेवड्याची उसळ, लाल मिरचीची चटणी, लाल भोपळा. ठकूनं ती वाचली आणि नाक मुरडलं.

"मक्याची भाकरी? ती तर आमच्याकडं गडी खातात."

"मेक्सिकोत बडे लोक खातात," मी म्हटलं.

"मग चालेल," ठकू म्हणाली.

एवढी सोपी आहे ती. हिला उद्या कोणी सांगितलं की विलायतेत राणी शेणानं सारवते, तर ही चिमाजीरावांची शहाबादी फरशी उखडून सारवायला बसेल.

टोप्यांसाठी बुरुडाकडून उथळ टोपल्या आणल्या आणि त्यांना पतंगी कागद चिकटवला. आत दोरी बांधली की झाली टोपी. आमच्याकडं तसल्या पाटीत शेण भरतात, पण मी बोलले नाही. कांबळ्यांच्या जागी लग्नातल्या सतरंज्या निघाल्या. मका चिमाजीरावांच्या कामथडीच्या मळ्यातला. आणि मडकं फोडायचं ते तर आपलं गोकुळाष्टमीचंच, फक्त डोळे बांधून आणि काठीनं. तारीख ठकूनं भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर बघून ठरवली: नाताळचा आदला दिवस. पंचांग उघडायचं तिच्या मनातही आलं नाही. मेक्सिकोला कसलं पंचांग?

वर्गात ठकूखेरीज आम्ही सात मुली. सातही जणींना गुलाबी कागदावर आमंत्रण आलं. सातवी बानो.

बानो माझ्या बाकावर बसते. तिची आई गुलजारबी घरोघर जाऊन बांगड्या भरते. अख्ख्या भोरातल्या बायकांची मनगटं तिला तोंडपाठ आहेत. वडील नाहीत. मोठा भाऊ जलील शिवऱ्याला सडकेवर सायकली दुरुस्त करतो. गणितात बानो माझ्या पुढं आहे, हे मी फक्त इथं लिहिते, तिला सांगत नाही. रोज संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर अभ्यासाला येते. आत्या तिला चहा देते, निळ्या फुलांच्या कपात. त्याचा कान तुटलाय. तो कप ओट्यावरच्या कोनाड्यातच असतो.

त्या गुलाबी कागदाची घडी बानोनं दप्तरात चार पुस्तकांच्या मधे ठेवली होती.

"एवढं काय जपतीस?" मी म्हटलं. "ठकूच्या घरी जायचंय, दिल्ली दरबारात नाही."

बानो हसली नाही. म्हणाली, "भाईजान म्हनतोय, सुट्टीत शिवऱ्याला चल, मागं यायचं न्हाई."

"म्हणजे शाळा?"

"बंद. तो म्हनतो, ज्या पोरींच्या संगट शिकतीस, त्यांच्या घरात तुला पाट मिळतो का? न्हाई मिळत. मग शिकून करनार काय? ना हिकडची ना तिकडची. अम्मी नुसती रडती. मग म्या हा कागद दावला. त्यो म्हनाला, बरं, त्या दिशी चार वाजता म्या येतो न्यायला, माज्या डोळ्यांनी बगतो. पंगतीत बसलेली असलीस तर सुट्टी संपल्यावर माघारी धाडतो. बाजूला बसवलेली असलीस तर मॅट्रिकचं नाव काढायचं न्हाई."

मी त्याच दिवशी ठकूला विचारलं, "बानोचं पान कुठं मांडणार?"

"आईला विचारते."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई म्हणते, बघू."

'बघू' हा शब्द मला पक्का ओळखीचा आहे. बायकांनी नाही म्हणायचं ठरवलं आणि पाप नको असलं की त्या 'बघू' म्हणतात.

पार्टीच्या दिवशी सकाळीच मी आत्याबरोबर चिमाजीरावांच्या वाड्यावर गेले. भाकऱ्या थापायला आत्याला बोलावणं होतं, कारण फुलाबाईंच्या हातात आता सोन्याचे बिलवर आहेत आणि बिलवर घालून पिठात हात घालता येत नाही म्हणे. पुण्याच्या मामी आदल्या दिवशीच आल्या होत्या. गोल साडी, केसांचा आंबाडा मानेवर, पायात घरातसुद्धा चपला. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून "हाऊ नाइस" म्हणाल्या आणि धूर लागला तशा लगेच निघून गेल्या.

मक्याची भाकरी थापणं सोपं नाही. कडा फाटतात. आत्या मेक्सिकोच्या नावानं बोटं मोडत होती. "ज्या मुलखात गहू-जुंधळा न्हाई त्यांचं खानं आपन कशापायी खायाचं गं?" दहा-बारा भाकऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात परसाच्या दारानं कुंडलिक आला. तो वाड्यावरचा म्हातारा गडी. हातात तुळशीची ही मोठी जुडी.

"एवढी कशाला आणली रे?" फुलाबाईंनी विचारलं.

"एकादस न्हवं का आज, बाईसायेब. म्हनून जादा आनली."

आत्याच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तिच्या हिशोबानं एकादशी उद्या होती. "आरं द्येवा! म्या आत्ताच उसळीचं मीठ चाखलं की!"

"गिळलंस का?" मी विचारलं.

आत्यानं जरा विचार केला. "न्हाई वाटतं. जिभेवरच इरघळलं आसंल." आणि तिनं पदरानं तोंड पुसून टाकलं. झाली एकादशी सुरू.

मग काय गोंधळ! फुलाबाईंचा उपास, मामींचा उपास (गोल साडी नेसून देखील), आम्हा मुलींचा उपास. मका हे धान्य, घेवडा कडधान्य. चुलीवर अख्खं मेक्सिको रटरटत होतं आणि खाणारं कोणीच नव्हतं. ठकू रडायला लागली. "आई, एकादशी उद्या नाही का गं करता येत?" कंत्राटदाराची मुलगी. तिला वाटतं मुदत वाढवून मिळेल.

बटाटे उकडायला पडले, रताळी भाजायला. दाण्यांची आमटी ठेवली. आणि ह्या धांदलीत मी फुलाबाईंचं तोंड बघत होते. आधी ते पडलेलं होतं. मग हळूहळू उजळलं. दगडी गडग्यातली वाट सापडल्यावर शेळीचं उजळतं ना, तसं.

"बरं झालं म्हणायचं एका परीनं," त्या मामींना म्हणाल्या. "उपासवाल्यांची पंगत आत माजघरात. खाणाऱ्यांची बाहेर पडवीत. म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको."

खाणाऱ्यांची पंगत! खाणारं होतं कोण? मी बोटं मोजली. एक बोट पुरलं.

दोन वाजता मुली आल्या. एकेकीच्या डोक्यावर टोपली, खांद्यावर सतरंजी. सतरंज्या अशा जड की सगळ्या हमालासारख्या वाकून चालत होत्या. मामी टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अगदी तस्संच!" ठकूची टोपली सगळ्यांत मोठी, तिला सोनेरी कागद. तिनं मान हलवली की ती भोवऱ्यासारखी फिरायची आणि ठकूच्या डोळ्यांवर यायची. बानो हिरव्या ओढणीवर टोपली घालून आली. खरं सांगायचं तर एकटी तीच त्या वेशात बरी दिसत होती.

आम्ही अंगणात थोडी नाचानाच केली. मेक्सिकोत नाचतात असं मासिकात होतं, कसे ते नव्हतं, म्हणून आम्ही फुगड्या घातल्या. मग साडेतीनच्या सुमाराला फुलाबाई पडवीत आल्या.

"चला गं मुलींनो, फराळाला. आत पानं मांडलीत." आणि मग अगदी मधाळ आवाजात, "बानो, तुला उपास नाही ना गं? तुझं पान इथं मांडलंय हं पडवीत. गरमागरम भाकरी आहे."

पडवीत एकच पाट होता. एकच पत्रावळ. शेजारी पाण्याचं एक टमरेल, पितळेचं नव्हे, पत्र्याचं.

बानोनं पाटाकडं बघितलं. मग आतल्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडं. चाराला वीस मिनिटं कमी होती.

"काकू," ती म्हणाली, "माजाबी उपास हाय आज."

मुली हसल्या. फुलाबाई पण हसल्या, पण त्यांचं हसू ओठांच्या पुढं गेलं नाही. "तुझा? तुझा गं कसला एकादशीचा उपास?"

"ईदच्या आदी महिनाभर धरलेत की. तवा तर दिवसभर पान्याचा थेंबसुदिक न्हाई. ह्यो आनखी एक. तुमच्यात तर बटाटं चालत्यात, मग काय अवघड?"

मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. फुलाबाईंनी सकाळभर खपून एक भिंत बांधली होती, आणि बानोनं एका वाक्यात तिच्यातून दार काढलं. आता त्यांना 'ये आत' म्हणायचं, नाहीतर खरं ते बोलायचं.

"अगं पण... उपासाचं आत आहे."

"मग येते की आत."

"आत देव आहेत," फुलाबाई म्हणाल्या.

झालं. निघालं तोंडातून. ठकू आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागली. बाकीच्या मुलींनी सतरंज्या सावरल्या. त्यांना एकदम थंडी वाजायला लागली असावी. आत्या आतल्या दारात रताळ्यांची परात घेऊन उभी होती, तीही परातीतच बघत होती. बानोनं डोक्यावरची टोपली काढली आणि तिची दोरी नीट गुंडाळायला लागली. जायची तयारी करतात तशी.

मला इतका संताप आला की माझे कान वाजायला लागले. पण संतापानं काय होतं? फुलाबाईंवर मी ओरडले असते तर त्यांनी मला आणि बानोला दोघींना हाकललं असतं, आणि चार वाजता जलीलभाईला दोघी फाटकाबाहेर दिसल्या असत्या. मग मला ठकूची ती सोनेरी टोपली दिसली. आणि आठवलं, 'मेक्सिकोत बडे लोक खातात.' 'मग चालेल.'

"हे सगळं चुकतंय," मी म्हटलं. वक्तृत्वातला आवाज काढला, पोटातून. "मेक्सिकोत आत बसून कुणी खात नाही."

ठकूनं मान वर केली. टोपली फिरली. "म्हणजे?"

"म्हणजे अंगणात बसतात. गोल करून. पंगत नसतेच मुळी. पाहुणे, यजमान, मोठी माणसं, सगळी एका गोलात. पंगतीत बसवलं तर तो अपमान समजतात. मासिकात स्पष्ट लिहिलंय."

मासिकात ह्यातलं एक अक्षर नव्हतं.

"तू आधी का नाही सांगितलंस?" ठकू किंचाळली.

"मला काय ठाऊक तुम्ही आत मांडणार! मामी तर क्लबात होत्या. मामींना माहीतच असणार." आणि मी मामींकडं वळले. "हो ना हो, मामी? क्लबात अंगणातच बसले होते ना सगळे? गोलात?"

मामींचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या क्लबाच्या आत गेल्याच नव्हत्या, हे मला त्या क्षणी कळलं. कुंपणाच्या मेंदीतून बघितलेलं असणार सगळं, माळ्याची नजर चुकवून. पण 'मला नाही माहीत' हे वाक्य कॅम्पात शिकवत नाहीत.

"हो तर," मामी म्हणाल्या. "हिरवळीवरच. अगदी गोल. मी म्हणणारच होते."

"वहिनी, पण एकादशी..." फुलाबाई म्हणाल्या.

"ती तर उलट बरीच झाली," मी मधेच म्हटलं. आता माझी गाडी सुटलीच होती, आणि हे पुढचं तर खरंही होतं, आमच्या मास्तरांनी शिकवलेलं. "बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, हे सगळं मूळचं तिकडचंच आहे, अमेरिका खंडातलं. गलबतांतून इकडं आलं. म्हणजे काकू, तुमचं उपासाचं ताट हेच अस्सल तिकडचं ताट. ते आत देवापाशी चालतं, मग बाहेर चालायला काय हरकत?"

"बटाटा तिकडचा?" आत्या परातीतून बघत म्हणाली. "आन् आमी इतकी वर्सं एकादशीला खातोय?"

"आई, बाहेर काढ सगळं!" ठकूनं पाय आपटला. "बाहेर! गोल! मामी म्हणतात ना! सुट्टीनंतर वर्गात सगळ्या हसतील मला!"

फुलाबाईंच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, म्हणून मी नीट बघून घेतलं. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला कॅम्प. कॅम्प जिंकला. त्यांनी कुंडलिकाला हाक मारली आणि पाट बाहेर काढायला सांगितले.

अंगणात आंब्याखाली गोल बसला. गोलाला ना वरची बाजू ना खालची. फुलाबाईंनी पुष्कळ शोधली. मामी सावली बघून बसल्या, आणि सावली नेमकी बानोशेजारी होती. आत्यानं वाढलं. बानोपाशी आल्यावर तिचा हात जरा वर राहिला, रताळं पत्रावळीत वरून पडलं, पण पडलं. ठकूला मेक्सिकोखेरीज काही दिसतच नव्हतं. "टोप्या घाला गं सगळ्यांनी! मामी, तुम्हीपण!" आणि तिनं स्वतःची एक जादा टोपली मामींच्या आंबाड्यावर चढवली. बानोनं आपली गुंडाळलेली दोरी सोडून टोपली परत डोक्यावर घातली.

भाकऱ्यांना कुणी हात लावला नाही. बानोसुद्धा नाही. मी हळूच म्हटलं, "तू खा की. तुला कोण विचारतंय?" तर म्हणाली, "उपास म्हनलं न्हवं? मग उपास." शेवटी त्या सगळ्या भाकऱ्या आणि उसळीचं पातेलं कुंडलिक मागं घेऊन गेला. म्हणजे मेक्सिकोची खरी पार्टी झाली ती गोठ्यात, गड्यांची. तिथून मिटक्या ऐकू येत होत्या.

फराळ उरकत आला तशी मडक्याची वेळ झाली. मडकं आंब्याच्या फांदीला टांगलेलं. पहिला मान ठकूचा. डोळे बांधले, गरगर फिरवलं, हातात काठी दिली. ती तरातरा उलट्या दिशेला चालत गेली आणि तुळशीवृंदावनाजवळ हवेत तीन काठ्या मारल्या. ब्रह्मदेशावर, म्हटलं मी मनात.

तेव्हाच फाटकाशी सायकलची घंटी वाजली. जलीलभाई. अंगात खाकी सदरा, हाताला ग्रीस. तो आत आला नाही. सायकलीला टेकून तिथूनच बघत राहिला. त्याची नजर आधी पडवीत गेली. तिथं रिकामा पाट, रिकामी पत्रावळ. मग ती अंगणात आली. गोल. गोलात टोपली घातलेली पुण्याची बाई, तिच्या बाजूला टोपली घातलेली त्याची बहीण, आणि ती बाई तिच्याकडं बोट करून म्हणतेय, "ते दाणे जरा इकडे सरकव ग."

बानोनं दाणे सरकवले. मग तिनं भावाकडं बघितलं. आणि डोक्यावरची टोपली सरळ केली.

ठकूनं डोळ्यांवरची पट्टी वर केली, तर समोर जलीलभाई. दुसरी कोणी असती तर लाजली असती. ही धावत फाटकाशी गेली आणि त्याच्या डोक्यावर टोपली ठेवली. "टोपीशिवाय कुणी यायचं नाही, मेक्सिको आहे!"

"ही पाटी कशापायी?" जलीलभाईनं टोपली हातानं चाचपून विचारलं.

"मेक्सिको आहे!"

"बरं," तो म्हणाला, आणि टोपलीसकट उभा राहिला. हे सांगितलंच पाहिजे की त्या दिवशी त्या वाड्यात सरळ मनाची दोनच माणसं होती, एक तो आणि एक ती ठकू. एकाला ठाऊक नव्हतं आणि दुसरीला कळत नव्हतं.

मडकं बानोनं फोडलं. एकाच काठीत. आतून चुरमुऱ्याचे लाडू पडले. चुरमुरे म्हणजे तांदूळ, म्हणजे तेही उपासाला चालेनात! तरी फुलाबाई, मामी आणि माझी आत्या, तिघींनी वाकून वाकून पदरात भरले. उद्या द्वादशी होतीच.

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी लवकर जाऊन बाकावर बसले आणि दाराकडं बघत राहिले. प्रार्थनेची घंटा झाली. मास्तर आले. हजेरी सुरू झाली. मग दारात हिरवी ओढणी दिसली.

"मोटार शिवऱ्यालाच बंद पडली व्हती," बानो बाकावर बसत म्हणाली. "भाईजाननं सायकलीवरनं सोडली. मॅट्रिकपत्तुर शीक म्हनला. म्होरचं म्होरं."

मी बाकाखाली तिचा हात इतका दाबला की बांगडी पिचली. "बघितलंस? केलं की नाही मी? फुलाबाईंचं तोंड आठवतंय? आणि मामी! 'हिरवळीवरच, अगदी गोल!' मी नसते तर—"

"तू व्हतीस म्हनून झालं," बानो म्हणाली. "खरं हाय." तिनं पाटी पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मेक्सिकोच्या नावानं बसवलंस मला. माज्या नावानं कुनी बसवलं न्हाई."

"फुलाबाई कधी बसवणार आहेत? त्या म्हणजे—"

"म्या फुलाबाईचं न्हाई म्हनत."

वक्तृत्वात पहिली आलेली मी, पण माझं अर्धं वाक्य तिथंच सोडून मी वही उघडली.

त्या संध्याकाळी बानो नेहमीसारखी आमच्या ओट्यावर आली. दिवस बुडत होता. आत्यानं चहा केला, बाहेर आली, कोनाड्यातून निळ्या फुलांचा कप काढला आणि वरून चहा ओतला. हे मी तीन वर्षं रोज बघत होते. खरंच रोज. आणि त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. फुलाबाईंचं पत्र्याचं टमरेल निदान एका दिवसाचं होतं.

मी कंदील उचलला, पुस्तकं उचलली आणि आत नेऊन ठेवली. चुलीजवळ, माझ्या बसायच्या जागी.

"हे काय करतीस?" आत्या म्हणाली.

"बाहेर गारठा आहे. आम्ही आत बसणार."

"तू बस की. ती..." आत्यानं आवाज खाली आणला. "आगं, आत चूल हाय."

आत चूल हाय. आत देव आहेत. माझ्या तोंडाशी पटकन एक मेक्सिको आलं होतं. इंग्लंडात सगळे चुलीपाशीच बसतात, असं काहीतरी. आत्यानं ते ऐकलंही असतं, तिचा माझ्या पुस्तकांवर लई भरोसा. मी ते गिळलं.

"आत्या, ती बानो आहे. ती माझ्याशेजारी बसेल. दुसरं काही कारण नाही."

"तुला वारं लागलंय," आत्या म्हणाली, पण रागानं नाही. घाबरून. "लोक काय म्हनतील?"

"ये गं बानो," मी मोठ्यानं म्हटलं.

बानो उठली. हातात तो कानतुटका कप. ती दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर थांबली. एक पाय आत, एक बाहेर. ती आत्याकडं बघत होती, आत्या तिच्याकडं. मी मधे एक शब्द बोलले नाही, आणि हे मला फार जड गेलं. बाहेर कुणाच्या तरी गोठ्यात घंटा वाजत होत्या. दिवे लागायची वेळ.

आत्या अस्वस्थ झाली. तिची नजर बानोच्या तोंडावर नव्हती, पायावर होती. उंबऱ्यावरच्या पायावर.

"आगं, उंबऱ्यात नगं थांबू," ती शेवटी म्हणाली. "तिन्हीसांजंची येळ, लक्षुमी यायची येळ. आत तरी हो, न्हाईतर भाईर तरी हो."

बानो आत आली.

आम्ही त्या दिवशी चुलीपाशी बसून नऊ गणितं केली. तिची नऊ बरोबर, माझी सहा. आत्या पाठ करून भाकरी थापत राहिली. बानो गेल्यावर तिनं तो कप राखेनं घासला. एकदा, दोनदा, तीनदा. मी मोजलं, आणि तिला दिसेल असं मोजलं.

पण मग तिनं तो आतल्या फळीवर ठेवला, आमच्या कपांच्या ओळीत.